दर शिपायामागे एक बाईक, दर बाईकमागे एक झाड

प्रति,
मा. खरेदी अधिकारी, वाहन विभाग,
गॅलॅक्टिक साम्राज्य

महोदय,


‘स्टार वॉर्स’च्या एकाही चित्रपटात आपले नाव येत नाही, याबद्दल सर्वप्रथम अभिनंदन. डार्थ व्हेडरचा मुखवटा पोराटोरांना पाठ आहे, सम्राट पॅल्पटिनच्या सुरकुत्या पाठ आहेत. ज्यांच्या सहीने साम्राज्याला उतरती कळा लागली ते आपण मात्र फायलींच्या गठ्ठ्याआड सुखरूप बसून आहात. निवृत्तिवेतनही वेळेवर मिळत असेल.

विषय आपल्याला माहीत आहेच. आराटेक कंपनीची ७४-झेड स्पीडर बाईक. एका शिपायासाठी एक वाहन, जमिनीपासून अधांतरी तरंगणारे. पुढे दोन लांबलचक दांडे, त्यांच्या टोकाला दिशा वळवणारी पाती, पोटाखाली एक ब्लास्टर तोफ. छप्पर नाही, काच नाही, बाजूला आडोसा नाही. १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये आपण ती एंडोरच्या वनचंद्रावर तैनात केलीत. तिथे काम काय होते? दुसऱ्या ‘डेथ स्टार’ अवकाशतळाभोवतीचे संरक्षक कवच ज्या केंद्रातून सोडले जात होते, त्या केंद्राची राखण. म्हणजे एका जागी थांबायचे, डोळे उघडे ठेवायचे, कुणी दिसले तर वर कळवायचे. सरळ भाषेत, रखवालदारी. आणि रखवालदाराला आपण काय दिलेत? ताशी ५०० किलोमीटर धावणारे वाहन.

थोडा हिशेब मांडतो, कारण आपल्या तांत्रिक समितीने तो मांडलेला दिसत नाही. ताशी ५०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १३९ मीटर. डोळ्यांनी पाहून हाताने दांडा वळवायला चपळ माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात बाईक २८ मीटर पुढे गेलेली असते. आता दोन झाडांमध्ये वीस मीटर अंतर धरा, तेही उदार मनाने. शिपायाचा हात वळेपर्यंत तो समोरच्या झाडात शिरलेला असतो. आणि झाडे तरी कसली? बाईकच्या पाठलागाच्या दृश्यातले जंगल कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या हम्बोल्ट परगण्यातले, रेडवूडचे. शंभर मीटरपर्यंत उंच, आणि बुंधे असे की चारपाच जणांनी हात धरले तरी कवेत मावू नयेत. वाळवंटासाठी घेतलेल्या बाईक चुकून या पत्त्यावर गेल्या असतील, अशी समजूत घालून पाहिली. पण टंकलेखकाची इतकी मोठी चूक होत नाही. वरच्याने मागितला वेग, आपण दिलात वेग. कामाच्या जागी कुणी फिरकले नाही.

मग व्हायचे तेच झाले. बंडखोरांपैकी लूकने चालत्या बाईकवर उडी मारून एका शिपायाला ढकलून दिले, कारण आडोसाच नव्हता. दुसऱ्याने लूकची साथीदार लेया हिला पाडले आणि ती खरेच पडली का हे पाहायला क्षणभर मान मागे वळवली. क्षणभरच. पुढे पाहीपर्यंत समोर बुंधा. मागचे दिसण्याचा साधा आरसा बसवायचा कुणाला सुचले नाही. (सुचले असेल, पण स्वतंत्र मंजुरी लागली असेल.) तिसऱ्याची कहाणी तर खास आपल्या अभ्यासाची. तोफ फक्त समोर मारते, त्यामुळे लूक खाली पडल्यावर या बिचाऱ्याला सगळी बाईक फिरवून त्याच्याच अंगावर यावे लागले. लूक जागचा हलला नाही. लाइटसेबर या प्रकाशाच्या तलवारीने त्याने पुढची पाती छाटली आणि शिपाई भरकटत गेला. वळण्याची सगळी भिस्त ज्या पात्यांवर, ती शत्रूच्या हाताला सर्वांत आधी लागावीत म्हणून दोन दांड्यांच्या टोकाला लावायची, ही कल्पना कुणाची? त्या माणसाला बढती मिळाली की बक्षीस?

बाईकच्या मधोमध एक कळही आहे. ती दाबली की आपल्याच साथीदारांचे बिनतारी संदेश ठप्प होतात. लूकला ती कुठे आहे हे ठाऊक होते, लेयाने ती दाबली. शत्रूच्या सोयीचा इतका विचार क्वचितच कुणी खरेदी अधिकारी करतो.

चोरीचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण निष्काळजीपणाच्या पलीकडे जाऊन आपण इथे कलेचा प्रांत गाठला आहे. केंद्राच्या दारापाशी चार शिपाई पहाऱ्यावर. बाईक बाजूला उभ्या. पापलू नावाचा एक ईवॉक, कमरेएवढा केसाळ प्राणी, दगड-भाल्यांच्या जगातला, दुडूदुडू येतो, एका बाईकवर चढतो, दिसेल ती बटणे दाबतो आणि सुसाट निघून जातो. किल्ली नाही, कुलूप नाही, सांकेतिक शब्द नाही. चारांपैकी तिघे पहारा सोडून आपापल्या बाईकवर त्याच्यामागे. पुढे पापलूने वेल धरून लोंबकळत बाईक सोडून दिली, तरी ते रिकाम्या बाईकमागे धावतच राहिले. दारात उरला एक. त्याच्या खांद्यावर बंडखोर हान सोलोने मागून टिचकी मारली, तो त्याच्यामागे धावला आणि थेट बंडखोरांच्या बंदुकांसमोर जाऊन उभा राहिला. सम्राट स्वतः सांगत होते की तिथे त्यांचे निवडक सैन्य दबा धरून बसले आहे. निवडक असेलही, त्यांची वाहने मात्र आपण निवडली होती.

आपल्या जातीचे लोक आमच्या पृथ्वीवरही होऊन गेले, म्हणून आपण एकटे आहात असे समजू नका. १९५०च्या दशकात अमेरिकी लष्कराने डी लॅकनर कंपनीकडून एचझेड-१ एरोसायकल हे एकट्या शिपायाचे उडते वाहन करून घेतले. शिपायाने उभे राहायचे, पायांखाली दोन पंखे उलटसुलट दिशांना गरगरणार, वळायचे तिकडे अंग झुकवायचे. वीस मिनिटांच्या शिकवणीत कुठलाही साधा शिपाई ते चालवील, असा कागदावरचा अंदाज होता. चाचण्यांत दोनदा वरची-खालची पाती एकमेकांवर आदळली. चाचणी वैमानिक कॅप्टन सेल्मर संडबी यांनी साफ मत दिले की हे नवशिक्याचे काम नाही. लष्कराने ते ऐकले आणि प्रकल्प गुंडाळला. आमच्या मागासलेल्या ग्रहावर अशा चाचण्या असतात, त्यांचे अहवाल असतात आणि क्वचित ते वाचलेही जातात.

आता जरा जपून ऐका, कारण हे आपल्याला लागेल. एंडोरवरच्या पाठलागाच्या दृश्याची पार्श्वभूमी चित्रित कशी केली? चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या स्टेडिकॅमचे जनक गॅरेट ब्राउन यांनी तो अंगावर बांधला आणि ते रेडवूडच्या जंगलातून चालत गेले. कॅमेरा सेकंदाला एकापेक्षाही कमी, सुमारे पाऊण चौकट टिपत होता. पडद्यावर त्या सेकंदाला चोवीसच्या गतीने धावल्या, म्हणजे बत्तीसपट. माणसाची चाल ताशी पाच किलोमीटर धरली तर वेग होतो १६०. शिपाई आणि बाईक नंतर निळ्या पडद्यासमोर आणि छोट्या प्रतिकृतींवर चित्रित करून त्यात बसवल्या. या चित्रपटाला दृश्य परिणामांसाठी खास ऑस्करही मिळाले. थोडक्यात, एंडोरच्या जंगलातून झाडाला न धडकता पार झालेला माणूस पायी चालत होता. रखवालदारांना आपण बूट दिले असते तरी भागले असते.

आपल्या वाहनाचे मर्म फक्त एका कंपनीला कळले. केनरने १९८३मध्येच बाईकचे खेळणे बाजारात आणले. त्यावर एक कळ होती, ती दाबली की बाईकचे तुकडे उडत. मूळ वस्तूशी एवढे इमान राखणारे खेळणे विरळा.

एंडोरनंतर तरी आपण काही शिकला असाल, या आशेने मी २०१९ची ‘द मँडलोरियन’ ही मालिका पाहिली. कथेतली पाचएक वर्षे गेलेली, सम्राट गेलेला, साम्राज्याचे तुकडे उरलेले. नेवारो ग्रहावर झाडांचा त्रास नाही. दोन शिपाई आपल्याच बाईक घेऊन उभे आहेत, पळवून आणलेले बाळ पिशवीत आहे, आणि वेळ जावा म्हणून ते समोरच्या डब्यावर नेम धरून चुकवत आहेत. मग आयजी-११ नावाचा यंत्रमानव आला. त्याने दोघांना आडवे केले, बाळ उचलले, बाईकवर बसला आणि तीच बाईक घेऊन गोळ्या झाडत गावात शिरला.

कुलूप अजून बसवलेले नाही, साहेब.

आपला,
एक प्रेक्षक