अध्यक्षमहाराज

आमच्या शहरातील अध्यक्षमहाराजांना पाळण्यातल्या नावाने हाक मारणारी माणसे आता फार थोडी उरली असावीत. कारण गेली कित्येक वर्षे ते कशाचे ना कशाचे अध्यक्षच आहेत, आणि ज्या दिवशी कशाचेच नसतात त्या दिवशी त्यांच्या अंगात कणकण असते.

या उत्कर्षाचा प्रारंभ रोटरीत झाला. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने ती संस्था काढली, तेव्हापासून बरीच वर्षे एका व्यवसायाचा एकच सभासद घेण्याचा तिचा दंडक होता. आणि आमच्याकडे भुसाराची जागा आधीच भरलेली असल्यामुळे, वडिलोपार्जित भुसारी दुकान असूनही महाराज विमाएजंट म्हणून आत शिरले. त्यापायी त्यांना खरोखरीच चार विमे उतरवावे लागले. पैकी तीन घरच्याच माणसांचे होते. हजेरी मात्र अशी चोख की, साप्ताहिक भोजनसभा चुकलीच तर परगावच्या क्लबात जेवून ते ती भरून काढीत आणि तसा दाखला दफ्तरी लावून घेत. यथाकाल एका १ जुलैस अध्यक्षपदाची पट्टी त्यांच्या गळ्यात पडली. रोटरीची चार प्रश्नांची कसोटी त्यांना मुखोद्गत होती, आणि 'हे संबंधित सर्वांच्या हिताचे आहे काय?' या चौथ्या प्रश्नात, संबंधित कोण हे आधीच मुक्रर करून घेत असल्यामुळे, ते कधीही नापास झाले नाहीत.

पुढे नगरसेवक झाल्यावर, पक्षातील दोन बलाढ्य गटांना परस्परांचा उमेदवार असह्य झाला आणि कोणाच्याच डोळ्यांत न खुपणारे म्हणून महाराज महापौर झाले. तेथे त्यांना परकेपणा असा वाटलाच नाही. तेव्हा मुदत तीच, एक वर्षाची, पट्टीच्या जागी साखळी, समोर घंटा, आणि १९४९ च्या महापालिका कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्तांच्या हाती दिलेली असल्यामुळे, क्लबात जे सर्व चिटणीस पाहत ते येथे आयुक्त पाहत. गटारांच्या दरखास्तीवर सभा तापली की महाराज घंटा वाजवून, जुन्या सवयीने, अल्पोपाहारासाठी सभा तहकूब करीत, आणि खरे सांगायचे तर विरोधकही मुकाट्याने उठत. शहराचे यात काही बिघडले असे मला वाटत नाही. त्यांच्या आधीच्या कर्तबगार महापौरांच्या कारकिर्दीत सभागृहातल्या खुर्च्या मोडल्या होत्या.

एका शाळेच्या कोनशिलेवरचा पडदा दूर सारताच 'शुभहस्ते'चे 'शुभहास्ते' झालेले दिसले, आणि लोक हसत असता महाराज मात्र बोटाने दगडाची जाडी चाचपीत गंभीर झाले. नगरसेवकाने पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध ठेवणे कायद्यास नामंजूर. सबब मुदत संपेपर्यंत त्यांनी दम धरला आणि मगच कोनशिला, ढाली व करंडक बनविण्याचा कारखाना काढला. पहिली मागणी क्लबाकडूनच आली, माजी महापौरांना द्यावयाच्या मानचिन्हाची. सत्कारमूर्ती तेच आणि पुरवठादारही तेच असल्यामुळे त्यांनी उदार मनाने दहा टक्के सूट दिली. मात्र क्लबाकडची येणी कशी थकतात याचा अध्यक्ष या नात्याने स्वतःस अनुभव असल्याचे सांगून, बाकीची रक्कम आगाऊ आणि रोख मागून घेतली.