यकृतापर्यंत कसे पोहोचावे : होतकरू पेशीसाठी मार्गदर्शिका

पोरी, स्वादुपिंडाच्या नलिकेच्या अस्तरात जन्माला आलीस आणि आता मुलूख पाहायची हौस आली आहे, तर आधी एक ऐकून घे. या धंद्यात नवीन काही शोधून काढावं लागत नाही. जागा सोडून चालू लागणं, वाटेतली भिंत विरघळवणं, परक्या ठिकाणी बस्तान बसवणं, या सगळ्या विद्या शरीराकडे आधीपासून आहेत. गर्भ वाढताना आणि जखम भरताना त्या कामी येतात. तुला त्या फक्त भलत्या वेळी वापरायच्या आहेत.

प्रवेशाची पहिली अट म्हणजे केरास नावाचं जनुक बिघडलेलं हवं. दहातल्या नऊहून अधिक गाठींचा दाखला हाच असतो. या जनुकाचं प्रथिन जीटीपी हा रेणू धरून बसलं की ‘वाढ’ असा हुकूम सुटतो आणि त्याने तो रेणू तोडला की हुकूम थांबतो. प्रथिनाच्या बाराव्या जागेवर ग्लायसिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल येऊन बसलं की हे तोडणंच जमेनासं होतं. मात्र एवढ्या भांडवलावर कोणी तुला दारात उभं करणार नाही. पी१६ आणि पी५३ हे दोन निरीक्षक कायमचे रजेवर गेले पाहिजेत, आणि जमलं तर स्मॅड४ सुद्धा. टीजीएफ-बीटाचा संदेश एरवी वाढ रोखतो, पण स्मॅड४ नसेल तर रोखणं तेवढं बंद पडतं आणि पळून जायची चिथावणी चालू राहते. फुकटची सोय आहे, घेऊन टाक.

घाई मात्र नको. २०१० साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी रुग्णांच्या गाठींमधले जनुकीय बदल मोजून हिशेब मांडला. पहिल्या बिघाडापासून खरी कर्कपेशी तयार व्हायला किमान दहा वर्षं आणि तिला पसरायची ताकद यायला आणखी किमान पाच. त्यानंतर रुग्णाच्या हाती सरासरी दोन वर्षं उरतात. आजार कळतो तोही बहुधा या शेवटच्या काळातच. पुढे २०१२ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं की गाठ सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू यायच्या आधीच काही पेशी रक्तात उतरलेल्या होत्या. दोन्ही एकदम वाचून गोंधळू नकोस. बाहेर पडणं वेगळं आणि कुठे तरी टिकणं वेगळं. उताविळांची गर्दी सगळ्याच धंद्यांत असते.

आता शेजाऱ्यांकडे वळू, कारण तुझं निम्मं काम तेच करतात. स्वादुपिंडात ताराकृती पेशी असतात, एरवी सुस्त. तुझे संदेश पोहोचले की त्या खडबडून कोलॅजेन विणायला लागतात, इतकं की गाठीचा बहुतेक भाग तू नसून हा तंतूंचा चिवट लगदा असतो. त्याच्या दाबाने आतल्या रक्तवाहिन्या चेपतात आणि औषध पुरेसं पोहोचत नाही. प्राणवायू आणि अन्नही पोहोचत नाही म्हणा, पण केरासच्या कृपेने तू भोवतालच्या द्रवातलं अल्ब्युमिन घोट घोट पिऊन त्यातल्या अमिनो आम्लांवर जगू शकतेस. शास्त्रज्ञांनी विचार केला, हा लगदाच काढून टाकू. २०१४ मध्ये उंदरांवर तसं करून पाहिलं, तर गाठी उलट जास्तच उग्र झाल्या. म्हणजे ज्याला ते तुझा किल्ला समजत होते तो काही अंशी तुझा तुरुंगही होता. मला स्वतःला या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत बोधप्रद भाग वाटतो. शत्रूचं घर पाडायच्या आधी त्यात कोण कोणाला डांबून ठेवतंय ते पाहावं.

निघायची वेळ आली की ई-कॅडहेरिन सोड. याच प्रथिनाने तू शेजारणींना धरून बसली आहेस. स्नेल, ट्विस्ट, झेब१ या जनुक-मंडळींकडून शिकवणी मिळेल, पण गुरूंमध्ये एकमत नाही. उंदरांत स्नेल किंवा ट्विस्ट काढून टाकला तरी प्रसार थांबला नाही. झेब१ काढल्यावर मात्र तो चांगलाच घटला. माझा सल्ला, अर्धवटच बदल. पूर्ण भटकी झालीस तर पुढे घर मांडता येणार नाही.

अस्तराखालच्या पडद्यात मुख्यतः चौथ्या प्रकारचं कोलॅजेन असतं. ते कापायला एमएमपी ही विकरं आहेत. जवळ मज्जातंतू दिसला तर त्याच्या कडेकडेने सरक, वाट तयारच असते. पाठीत जाणारी ती चिवट कळ बऱ्याचदा याच वाटेवरची.

मग रक्त. स्वादुपिंडाचं रक्त पोर्टल शिरेने थेट यकृतात जातं, त्यामुळे तिकीट वेगळं काढावं लागत नाही. पण प्रवास वाईट. प्रवाहाचा मार, टपून बसलेल्या एनके नावाच्या मारेकरी पेशी, आणि आधार सुटला की पेशीने आपणहून मरायचं हा शरीराचा जुना कायदा. एकटी जाऊ नकोस, घोळक्याने जा आणि प्लेटलेट्स अंगावर ओढून घे. तरीही बहुतेकजणी वाटेतच मरतात, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

शहाण्या गाठी म्हणून आधी निरोप धाडतात. २०१५ मधल्या एका शोधानुसार गाठीतून सुटलेले एक्झोसोम, म्हणजे सूक्ष्म पुड्या, यकृतातल्या कुप्फर पेशी गिळतात. त्या पुड्यांमधल्या एमआयएफ प्रथिनामुळे टीजीएफ-बीटा वाढतो, तिथल्या ताराकृती पेशी फायब्रोनेक्टिन पसरतात आणि जागा तयार होते. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने बी आणि माती असं म्हणून ठेवलं होतं. माती बीच तयार करून ठेवतं, हे कळायला सव्वाशे वर्षं गेली.

एक धोक्याची सूचना. केरासवर औषध चालतच नाही, असं तीन दशकं मानलं जात होतं. २०१३ मध्ये त्याच्या एका प्रकारात औषध अडकवता येईल अशी खाच सापडली आणि २०२१ मध्ये पहिलं औषध फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. तो प्रकार स्वादुपिंडात क्वचितच भेटतो, म्हणून आपण निश्चिंत होतो. आता आपल्या नेहमीच्या प्रकारावरच्या औषधांच्याही चाचण्या माणसांवर सुरू आहेत.

शेवटचा नियम गुप्ततेचा. पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह आणि सोबत कारण नसताना उतरणारं वजन, न दुखता आलेली कावीळ, फिकट शौच, पोटातून पाठीत जाणारी कळ, यांचा संबंध माणसाला लागू देऊ नकोस. बहुतेकदा त्यांचं कारण दुसरंच असतं, आणि त्याच आडोशाला आपण लपतो.

वाचकहो, पेशींसाठीचं हे पुस्तक तुमच्या हाती पडलंच आहे, तर यातलं काही अंगावर दिसताच डॉक्टरांकडे जा, आणि विडी-सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा. ओढणाऱ्यांना या कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट असतो.