मुतखडेकाका

कुणाच्या सोनोग्राफीत खडा निघाला की मुतखडेकाकांचा फोन आलाच. तब्येतीची चौकशी नाही, थेट प्रश्न: "किती एमएम?" चार म्हणालात तर "हॅ!" बारा म्हणालात तर आवाजात आदर येतो.

मग व्हॉट्सॲपवर रतीब सुरू. पानफुटीचं पान चावून खा. कुळथाचं कढण प्या. टोमॅटो बंद, दूध तर आजपासून पाप. बिअरचाही एक व्हिडिओ आहे. तो फक्त पुरुषांना जातो आणि लगेच डिलीट होतो, कारण काकांचा फोन काकू बघतात.

काकांचा अधिकार स्वानुभवाचा. त्यांचा चार एमएमचा खडा पडला तेव्हा ते कुळीथ, पानफुटी आणि कुठल्याशा महाराजांचं मंतरलेलं पाणी एकदमच घेत होते. एवढासा खडा बहुधा आपला आपणच पडतो, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. पण डॉक्टरांचा व्हिडिओ नव्हता ना! तो खडा आता कुंकवाच्या डबीत, कापसावर विराजमान आहे. कशाचा आहे ते लॅबमध्ये तपासून घ्या, म्हणजे पथ्य ठरवता येईल, असं सुचवलं तर म्हणाले, "लॅबवाले परत देत नाहीत हो!"

खडा कशाचा, हा प्रश्न त्यांच्या मोबाइललाही कधी पडला नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. ते औषधाने विरघळत नाहीत. युरिक ॲसिडचे पुष्कळदा विरघळतात. मोबाइलवर मात्र झाडून सगळे 'सात दिवसांत' विरघळतात. 'खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध तोडा' हा हिशेब दिसायला चोख आहे. पण जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. दूधदही तोडलं की ऑक्झलेट मोकाट सुटून किडनीकडे निघतं. काकांनी एक रील बघून दूध सोडलं आणि दुसरं बघून रोज पेलाभर पालकाचा रस धरला. पालकात ऑक्झलेट ठासून भरलेलं! मीठ कमी करा, हे सांगणारं रील काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, त्यामुळे लोणचं-पापड बचावले.

वर्षभरात नऊ एमएमचा आला. रात्री कळ, वर हुडहुडी भरून ताप. काका उशीला टेकून 'ताप आणि मुतखडा घरगुती उपाय' शोधत होते. काकूंनी रिक्षा बोलावली, म्हणून निभावलं. लघवी तुंबून ताप चढला की घरी बसून चालत नाही. त्या रात्री स्टेंट टाकला, दुर्बिणीने खडा काढायचा बेत ताप उतरल्यावर ठरला.

काकांच्या फोनमध्ये एकच ॲप कामाचं होतं, पाण्याची आठवण करणारं. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी प्या, यावर डॉक्टरांचं आणि त्या ॲपचं एकमत होतं. मालिकेच्या वेळी वाजतं म्हणून काकांनी ते बंद ठेवलं होतं. आता काकूंनी चालू केलं. शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटेपासून काका उपाशी, पाण्याचा थेंबही वर्ज्य, आणि उशाशी दर तासाला घंटा: 'चला, पाणी प्या!'

तिसऱ्या घंटेला काकांनी सिस्टरना हाक मारली. "हे म्हणतंय पी, तुम्ही म्हणता नको. तुमच्यापैकी अपडेट कोणाचं झालेलं नाहीये?"