साडूभाऊंची कात्री

लातुरात बोन्सायचा उल्लेख नर्सरीत कमी आणि भाषणात जास्त होतो. शाळेचं स्नेहसंमेलन असो, गुणवंतांचा सत्कार असो की नव्या क्लासेसचं उद्घाटन, प्रमुख पाहुणे पाण्याचा घोट घेतात, समोरच्या पालकांकडे रोखून बघतात आणि म्हणतात, "मुलांचं बोन्साय करू नका." टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे जण पोराला फिजिक्सच्या बॅचला सोडून आलेले असतात, पण तो मुद्दा वेगळा. ज्या गावाच्या नावाने शिक्षणातला एक पॅटर्नच ओळखला जातो, तिथे हे वाक्य चालायचंच. मला वाईट वाटतं ते झाडाचं. आमच्या गच्चीवर एक बोन्साय आहे आणि त्याने आजवर कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. वाकडं जे आहे ते त्याचं स्वतःचं खोड, आणि तेही आम्हीच केलेलं.

झाड सावनीचं. नर्सरीवाले त्याला कधी क्रेप मर्टल म्हणतात, कधी लॅजरस्ट्रोमिया, आणि घाईत असले तर "ते गुलाबी फुलाचं, पावसाळ्यातलं". आपल्या राज्यफुलाचं, म्हणजे ताम्हणाचं, हे सख्खं चुलत भावंड. मेंदी आणि डाळिंबही याच कुळातली, तेव्हा घराणं तसं सोयरिकीला हरकत नाही असं. मूळ मात्र चीन आणि आसपासचं. लिनिअसने १७५९ साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं तेव्हा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीतल्या आपल्या मित्राची, माग्नुस फॉन लागरस्ट्रोमची, आठवण ठेवली. हा गृहस्थ लिनिअसला पूर्वेकडची झाडं मिळवून द्यायचा. मागे 'इंडिका' जोडलं. म्हणजे झाड चीनचं, आडनाव स्वीडनचं आणि पत्ता भारताचा. आधार कार्डाला अडचणच आली असती.

शेजारच्या वहिनींचा आक्षेप वास्तुशास्त्राचा. खुजं झाड घरात असलं की वाढ खुंटते, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्यांच्या मुलाला नीटमध्ये अपेक्षेपेक्षा कमी मार्क पडले तेव्हा संशयाची सुई आमच्या गच्चीकडे वळली. "भावजी, ते झाड आमच्या बाजूला कशाला ठेवलंय?" मी निमूट उचलून दक्षिणेच्या कठड्याशी नेलं. तिथे दिवसभर ऊन होतं आणि सावनीला तेच हवं असतं. ऊन कमी पडलं की पानांवर पांढरी भुरी येते. पुढच्या वर्षी मुलाचे मार्क वाढले. क्लासने श्रेय घेऊन चौकात फ्लेक्स लावला, वहिनींनी वास्तूला नारळ फोडला. झाडाला नुसतं ऊन मिळालं, आणि ते त्याला पुरलं.

हे झाड मुळात आलं नांदेडहून. तिथे आमचे साडूभाऊ राहतात. त्यांच्या कॉलनीतल्या एका बंगल्याच्या कुंपणाशी जुनी सावनी आहे. हिवाळा सरताना माळ्याने ती छाटली आणि फांद्या रस्त्यावर टाकल्या. सावनीची काडी अंगठ्याएवढी जाड असली तरी मुळं धरते, हे साडूभाऊंना ठाऊक होतं. त्यांनी दोन निवडल्या. एक स्वतः ठेवली, दुसरी ओल्या गोणपाटात गुंडाळून मला दिली, आणि ती अहमदपूरमार्गे एस.टी.ने लातूरला आली. दोन साडूंना एकाच घरातल्या दोन मुली मिळाल्या की तुलना सुरू होते, ती आयुष्यभर चालते. इथे तर एकाच झाडाच्या दोन काड्या.

साडूभाऊंचा या विषयातला अधिकार मोठा. २०१८ साली पुण्यात 'बोन्साय नमस्ते' हे मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते बघून आले आणि येताना एक कात्री घेऊन आले. काळी, मोठ्या मुठीची, निमुळत्या पात्यांची. तेव्हापासून ते बोलताना हातात काही नसलं तरी दोन बोटं कात्रीसारखी हलवतात. जपानात ओमिया नावाचं बोन्सायवाल्यांचं गाव आहे, हे मला त्यांनीच सांगितलं. १९२३ च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले बोन्सायवाले उठून ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी वस्ती केली. नियम असा होता की प्रत्येक घरात किमान दहा बोन्साय हवेत, दार सगळ्यांना उघडं हवं, कुंपण झाडाचं हवं आणि दुमजली बांधायचं नाही. हे ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "किल्लारीच्या वक्ताला आमी बी किती दिस अंगणातच निजलो. झाडं लावायचं कुनाला सुचलं न्हाई." साडूभाऊ गप्प झाले. असं फार वेळा होत नाही.

आता माती. मराठवाड्यातल्या माणसाला काळ्या मातीचा अभिमान असतो आणि असावाही. पण बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये ती माती म्हणजे संकट. पाणी घातलं की फुगून चिकट लगदा होतो, मुळांना श्वास मिळत नाही. वाळली की भेगा पडतात आणि पुढचं पाणी त्या भेगांतून थेट खाली जातं. झाडाला हवा असतो मुरूम, ज्याला आपण रस्त्यावर टाकण्याच्या लायकीचा समजतो. मुरूम, विटांचे बारीक खडे, थोडं पालापाचोळ्याचं खत. हे सगळं चाळायला मात्र लातूरसारखं गाव नाही. डाळ मिलचं गाव, तेव्हा हव्या त्या भोकाची चाळणी इथे मिळते. तुरीएवढा खडा ट्रेच्या तळाशी, मुगाएवढा वर, आणि जे पीठ होतं ते फेकून द्यायचं. दुकानदाराने विचारलं, "कोणती डाळ करता?" मी म्हटलं, विटांची. त्याने चाळणी कागदात गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे दोनदा बघितलं.

माती जमली तरी पाण्याचं जमवणं राहतंच, आणि लातुरात पाणी म्हणजे गमतीचा विषय नव्हे. जमिनीतली सावनी तशी चिवट. मुळं खाली गेली की उन्हाळा सोसते. ट्रेमधल्या सावनीला खाली जायला जागाच नाही. मे महिन्यात तिला सकाळी पाणी हवं आणि संध्याकाळी परत हवं. आणि आमच्या गल्लीत नळ यायचा आठ-दहा दिवसांनी. भाषणांत बोन्साय म्हणजे माणसाने झाडावर केलेली जबरदस्ती. प्रत्यक्षात अंगणातलं लिंबाचं झाड कुणाला काही मागत नाही. हे दीड फुटाचं पात्र मात्र दिवसातून दोनदा घरच्या कर्त्या पुरुषाला जिना चढायला लावतं. आम्ही लग्नाला परगावी जायचं ठरवलं की पहिला प्रश्न आईची गोळी कोण देईल हा नसतो, झाडाला पाणी कोण घालेल हा असतो. आई हे ऐकून आहे.

२०१६ साल लातूरकर विसरणार नाहीत. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. जलदूत तिचं नाव. पहिल्या खेपेला दहा टँकर, जवळपास पाच लाख लिटर. पुढे पन्नास टँकरांची गाडी यायला लागली. लोक स्टेशनवर बघायला जात होते. तेव्हा गच्चीवर उभं राहून शोभेच्या झाडाला पाणी घालणं म्हणजे चोरी करण्यासारखं वाटे. काडीला तेव्हा नुकतं कुठे खोडाचं रूप येत होतं. बायकोने प्रश्न सोडवला. घरातल्या पाण्याची एक रांग तिने ठरवली: प्यायचं, स्वयंपाकाचं, मग तांदूळ-डाळ धुतलेलं, मग भाजीचं. तांदळाच्या पाण्यावर सावनीचा हक्क, भाजीच्या पाण्यावर तुळशीचा. आंघोळीचं साबणाचं पाणी संडासाला. मी एकदा तुळशीचं पाणी सावनीला घातलं तर, "पहिलं कोण आलंय घरात?" असा सवाल झाला. त्या उन्हाळ्यात झाड आमच्या खिचडीवर जगलं. खिचडी नसलेल्या दिवशी ते कोमेजायचं आणि मग रात्री खिचडी व्हायची.

साडूभाऊंना हा त्रास नाही. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा बंधारा आहे. "आमच्या झाडाला गोदामाईचं पाणी," असं ते सांगतात. खरी गोष्ट वेगळी. नांदेड लातूरपेक्षा बरंच खोलगट आणि तापट. तिथे एसी दिवसभर चालतो, आणि त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत जमतं. त्यात क्षार नसतात, म्हणून झाडाला ते बोअरच्या पाण्यापेक्षा मानवतं. आमच्या बोअरच्या पाण्याने ट्रेच्या काठाला पांढरा थर येतो आणि पानं पिवळी पडतात. ही एसीची बातमी मला मेव्हणीने दिली. साडूभाऊ अजून गोदामाईवर ठाम आहेत.

खोडाला वळण द्यायची तारही आमच्याकडे दुष्काळातूनच आली. बोअर आटला की मोटर कोरडी फिरते आणि जळते. आमच्या ओळखीच्या रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात जळालेल्या तांब्याच्या तारेचा ढीग असतो. जाळ लागलेलं तांबं मऊ होतं, हाताने सहज वाकतं, आणि फांदीवर गुंडाळलं की तिथे कडक राहतं. मूठभर मागितली. सावनीची कोवळी फांदी ऐकते. जून झाली की मधेच काड्कन मोडते, सूचना देत नाही. आणि पावसाळ्यात फांद्या अशा भराभर जाड होतात की तार सालीत रुतते. साल पातळ, वळ उमटला की राहतो. आमच्या झाडाच्या एका फांदीवर तसा वळ आहे. साडूभाऊ आले की आधी तिथे बोट ठेवतात.

हिवाळ्यात पानं झडतात आणि खोड दिसायला लागतं. जुनी साल पापुद्र्यापापुद्र्याने सुटते, आतून तुळतुळीत, फिकट तपकिरी, कुठे गुलाबीसर अंग निघतं. मला हे झाड तेव्हा सगळ्यात देखणं वाटतं. पाहुण्यांना ते मेलेलं वाटतं. "वाईट झालं हो," असं म्हणून ते चहाचा कप खाली ठेवतात. जपानी लोकांनी या गुळगुळीत खोडावरून माकडंही घसरतात असं धरून झाडाचं नाव पाडलंय. आमच्या गच्चीवर एकदा उन्हाळा संपता संपता वानरं आली. दीड फुटाच्या झाडावरून घसरणार कुठे? एक बाप्या वानर कठड्यावर बसलं, ट्रे जवळ ओढला आणि कोवळे शेंडे एकेक करून खुडून खाल्ले. सगळ्या बाजूंनी, अगदी सारखे. मग टोळी निघून गेली. श्रावणात त्या प्रत्येक फांदीला फुलांचा घोस आला. पाकळ्या सहा, प्रत्येक बारीक दांडीवर उभी, आणि सगळ्या चुरगळलेल्या.

इथे साडूभाऊंचं आणि माझं मुळात जमत नाही. सावनी फुलते ती त्या वर्षीच्या नव्या शेंड्याच्या टोकावर. बोन्सायचा आकार राखायचा म्हणजे शेंडे खुडायचे. खुडत राहिलं की फूल नाही. हिवाळा सरताना छाटायचं, उन्हाळ्यात एखाद-दुसऱ्या वेळी खुडायचं आणि पावसाची चाहूल लागली की हात आवरायचा, असं जाणकार सांगतात. वानराला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण ते पुन्हा आलं नाही, हे महत्त्वाचं. साडूभाऊ रोज संध्याकाळी ऑफिसातून येतात, बूट काढायच्या आधी कात्री काढतात आणि एखादं पान जास्तीचं दिसलं की कच्. त्यांचं झाड रेखीव आहे, हे मान्य केलं पाहिजे. चारी बाजूंनी फोटो काढावा असं. त्याला फूल मात्र एकदाही आलेलं नव्हतं. "फूल हा बोन्सायचा मुद्दाच नाही," असं ते म्हणायचे. आमच्या झाडाचा फुलांसकट फोटो मी त्यांना पाठवला तर उत्तर आलं, "डावी फांदी लांब झालीय."

गेल्या श्रावणात मात्र सकाळी सकाळी त्यांचा फोन. आवाजात सत्यनारायणाचं आमंत्रण असल्यासारखा उत्साह. फूल आलं होतं. एक नव्हे, तीन घोस. आकार आणि बहर यांचा समतोल कसा साधायचा, हे त्यांनी मला सविस्तर समजावून सांगितलं. शेंड्याला संयमाने वागवावं लागतं म्हणे. गोदामाईच्या पाण्याचा वाटा त्यांनी वेगळा काढला. आपण ही पद्धत लिहून काढायच्या विचारात आहोत, असंही म्हणाले. मी हो हो म्हणत राहिलो.

शेवटी फोन मेव्हणीकडे गेला. ख्यालीखुशाली झाली. मग तिने आवाज एकदम खाली आणला. "दाजी, ताईला सांगा, यंदा तुमच्याकडे येताना मी एक डबा देईन. उघडू नका आणि ह्यांच्यासमोर तर काढूच नका. आषाढापासून ती कात्री मी बाजरीच्या पिठात लपवून ठेवलीय, आणि आता ह्यांना भाकरीची आठवण व्हायला लागलीय."