विक्रम, बैल आणि साधनशुद्धी

अमेरिकेत गेली वीस-पंचवीस वर्षं एक वाद चालू आहे आणि त्यांना उत्तर काही सापडत नाही. सापडणार कसं? त्यांनी वर्धा जिल्ह्याला विचारलेलंच नाही.

वाद बेसबॉलचा आहे. चेंडू कुंपणापार भिरकावला की होम रन. आपल्या षटकाराचा थोरला भाऊच म्हणा. एका हंगामात 61 होम रन मारण्याचा रॉजर मॅरिसचा 1961चा विक्रम सदतीस वर्षं टिकला. मग 1998 मध्ये मार्क मॅग्वायरने 70 मारले, सॅमी सोसाने 66. तीन वर्षांनी बॅरी बॉण्ड्सने 73 मारून दोघांनाही मागं टाकलं आणि कारकिर्दीचा हिशेब 762 वर नेला. दंडांचा घेर असा वाढला की शिंप्यांची चंगळ झाली असावी. मॅग्वायरने पुढे 2010 मध्ये स्टेरॉइड घेतल्याचं स्वतःच सांगून टाकलं. बॉण्ड्सचं म्हणणं वेगळं. प्रशिक्षकाने दिलं ते जवसाचं तेल समजून घेतलं, असं त्याने चौकशीत सांगितल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं.

जवस म्हटल्यावर हा विषय आमच्या अखत्यारीत आला. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या जवसाची चटणी खाल्ली जाते. ती खाऊन कुणी शिवेपार गोटा फेकल्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात नाही.

तर प्रश्न असा की ते 762 धरायचे की नाही? बॉण्ड्सचा 756 वा चेंडू, म्हणजे हँक ॲरनचा 755चा विक्रम मोडणारा, एका कपडेवाल्या उद्योजकाने साडेसात लाख डॉलरांना घेतला. त्याचं काय करायचं यावर त्याने लोकांचं मत मागवलं. लोकांनी सांगितलं, त्यावर तारांकनाची खूण कोरा आणि संग्रहालयात पाठवा. तसंच झालं. विक्रमही शाबूत, संशयही शाबूत. ही युक्ती आपणच शोधली, असं अमेरिकनांना वाटतं. इथं आमची हरकत आहे.

साध्य शुद्ध हवं तर साधनही शुद्ध हवं, ही शिकवण 1936 पासून सेवाग्रामच्या कुडाच्या भिंतींत मुरलेली आहे. पलीकडं पवनारला विनोबांनी तिच्यावर आणखी एक हात फिरवला. त्या पुण्याईचा मान राखून 1970च्या दशकात सगळ्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. तेव्हापासून आमच्याकडं दारू नाही. जी नाही ती पोलिस नियमित पकडतात. जी नाही ती पोळ्याच्या पाडव्याला जरा जास्तच नसते. प्रत्येक निवडणुकीत उमेदवार तिचा बंदोबस्त करण्याचं वचन देतात आणि प्रचाराच्या शेवटच्या रात्री तो बंदोबस्त घरपोच होतो. कागद एक सांगतो, रस्ता दुसरं सांगतो, आणि आम्ही दोघांचाही मान राखतो. एका साध्या चेंडूवर खूण कोरायला एवढा गाजावाजा करणाऱ्यांनी हे येऊन बघावं. आमचा अख्खा जिल्हाच तारांकित आहे.

शिवाय हा तालमीचा जिल्हा. देवळीचे रामदास तडस आधी विदर्भ केसरी झाले, मग 2014 आणि 2019 मध्ये वर्ध्याचे खासदार. त्यामुळे मल्ल आणि औषध हा विषय इथं चहाच्या टपरीवरही जाणकारीने बोलला जातो. लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव 2016च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर चाचणीत अडकला. आपल्या आहारात कुणीतरी औषध मिसळलं, असं त्याचं म्हणणं. भारतातल्या नाडा या उत्तेजकविरोधी संस्थेला ते पटलं, 1 ऑगस्टला तो मोकळा झाला. अठरा दिवसही झाले नाहीत तोच आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाला तेच म्हणणं पटलं नाही आणि चार वर्षांची बंदी आली. माणूस तोच, नमुना तोच, दिल्ली ते रिओ प्रवासात निकाल मात्र पालटला. टपरीचा निकाल तेवढा दोन्ही वेळा एकच होता: "खरं काय थे त्या भांड्यालेच ठाऊक!"

पण खरी कसोटी लागते शंकरपटात. बैलांच्या शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता चाबूक नाही, विजेचा झटका नाही, उत्तेजक औषध नाही आणि बैलाला पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र हवं. मंडपावर मात्र फ्लेक्स हवाच. त्यावर वरच्या ओळीत नेते, मधल्या ओळीत भावी नेते, खाली शुभेच्छुक, आणि जागा उरलीच तर कोपऱ्यात बैल.

आर्वीकडच्या एका पटशौकीन मामाजींना आम्ही बॉण्ड्सचं प्रकरण समजावून सांगितलं आणि विचारलं, "मामाजी, समजा बैलाला कुणी सुई टोचली आणि जोडी पहिली आली, तर तो पट धरायचा का?"

मामाजींनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "धावला कोन, भाऊ?"

"बैल."

"सुई मांगतली कोनं?"

"बैलानं तर नाही."

"मंग घड्यायातले सेकंद बैलाचे. थे पुसू नका. बक्षिसाची गाडी मालकाच्या अंगनातून उचलून आना. डॉक्टर बैलाले तपासते, बैलवाल्याले कोन तपासते?"

अमेरिकेचं नेमकं इथंच चुकलं. 1994 मध्ये खेळाडूंच्या संपाने हंगाम बुडाला होता, प्रेक्षक रुसले होते. 1998च्या होम रनांनी ते परत आणले. तिकिटं खपली, जाहिराती आल्या, आणि दंड एवढे फुगले कसे, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. दोषींना शिक्षा करणाऱ्या चाचण्या 2004 मध्ये सुरू झाल्या, तोवर सुगी होऊन माल घरात आला होता. पुढे लेखकांच्या मतदानात बॉण्ड्सला दहा वर्षं खेळाच्या कीर्तिमंदिराबाहेर ताटकळत ठेवलं; 75 टक्के हवे होते, 2022 मध्ये शेवटच्या संधीला तो 66वर अडकला. आणि होम रनांच्या त्या सुगीच्या काळात ज्यांच्या हाती खेळाचा कारभार होता ते आयुक्त बड सेलिग? ते 2017 मध्ये त्याच कीर्तिमंदिरात सन्मानाने जाऊन बसले. मामाजींच्या भाषेत, बैल कोंडवाड्यात आणि बैलवाला मंडपात.

म्हणून वर्धा जिल्ह्यातर्फे जगाला आमची नम्र सूचना. विक्रम पुसू नये. झालेलं झालं नाही असं म्हणण्याची विद्या अवघड आहे. ती आम्हाला अर्धशतकाच्या सरावाने जमली, इतरांनी घरी करून पाहू नये. त्यापेक्षा प्रमाणपत्राचा नमुना बदलावा. पहिला रकाना विक्रमाचा. दुसरा साधनाचा, म्हणजे तूप-बदाम, जवसाचं तेल की आणखी काही. तिसरा रकाना लाभार्थ्यांचा: या विक्रमावर तिकिटं कुणी विकली, वर्गणी कुणी गोळा केली, मतं कुणी मिळवली, हार कुणी घालून घेतले.

नमुना छापायला दिला आहे. पहिल्या दोन रकान्यांना अर्धं पान पुरतं. तिसऱ्यासाठी छापखानेवाला पुरवणी जोडा म्हणतोय, कारण फ्लेक्सवरची सगळी नावं जशीच्या तशी उतरवायची आहेत, बैल वगळून.