बिनव्याजी व्याज

शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावलं. बाजाराने ते निमूट ऐकलं आणि पाटी रंगवली: ‘नो कॉस्ट ईएमआय’. आता बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट दाखवतो आणि जे व्याज ‘नाहीच’, त्यावर १८ टक्के जीएसटी मात्र गिऱ्हाईक भरतं. वर प्रोसेसिंग फी. तिच्यावरही जीएसटी, हे सांगायला नकोच.

मोबाईलचे सगळे पैसे रोख मोजायला निघालात, तर काउंटरवरचा पोरगा कीव आल्यासारखा बघतो. ‘‘काका, एकदम भरताय? ऑफर फक्त कार्डाच्या हप्त्यांवर आहे.’’ म्हणजे ऐपत असणाऱ्याला महाग आणि कर्ज काढणाऱ्याला स्वस्त! काकाही मग मुकाट्याने कार्ड काढतात.