कूलरसमोरची जागा

घरात कुत्रा किंवा मांजर आधीपासून असेल आणि मागाहून बाळ येणार असेल, तर तयारी कोणाची करायची याबद्दल नागपुरी घरांत वाद होत नाही. सगळी तयारी बाळाची होते. दुपटी शिवली जातात, माळ्यावरचा पाळणा उतरवून त्याला रंग दिला जातो, नावांची यादी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे फिरून परत येते. ज्याच्या झोपेवर, जेवणावर आणि मानपानावर या घटनेचा सर्वांत जास्त परिणाम होणार असतो, तो दाराशी पायपुसण्यावर पडलेला असतो. त्याला कोणी काही सांगत नाही.

वास्तविक वेळ पुष्कळ असतो. कुत्रीचे गर्भारपण सुमारे ६३ दिवसांत आटोपते. माणसाला नऊ महिने लागतात. पाळणा लागणार त्या खोलीत झोपण्याची सवय मोडणे, अंगावर उडी मारणे थांबवणे, फिरवायला नेणारा माणूस बदलणे ही कामे महिना-दोन महिने आधी उरकली तर प्राणी ती निमूट पत्करतो. बाळ आले त्याच दिवशी त्याला खोलीबाहेर काढले, तर आपली बदली कोणामुळे झाली हे त्याला बरोबर कळते. बाळाच्या रडण्याचा आवाज मोबाइलवर हळू लावून, सोबत खाऊ देत, आधीपासून ऐकवता येतो. त्याने कुत्रा तयार होतो. आजोबा होत नाहीत.

मांजराबाबत हालचाल डोहाळजेवणाच्याही आधी लागते. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो आणि गर्भवतीला त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर गर्भाला धोका असतो. एवढे ऐकताच शेजारच्या काकू मांजर पोत्यात घालून फुटाळा तलावापलीकडे सोडून यायचा सल्ला देतात. त्याची गरज नसते. विष्ठेतला हा जंतू बाधण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजराचा ट्रे रोज साफ केला आणि ते काम गर्भवतीऐवजी नवऱ्याने केले, तर मांजर घरातच राहू शकते. हीच लागण न धुतलेल्या भाजीतून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातूनही होते. सावजीच्या पातेल्यात कोणताही परजीवी तग धरत नाही. शंका घ्यायची ती अर्धवट भाजलेल्या कबाबाची.

पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, त्यामुळे दोन कुत्र्यांचा विचार करावा लागतो. माहेरचा मोती बाळाला पहिल्या दिवसापासून पाहतो. सासरचा शेरू मात्र बाळ दोन-तीन महिन्यांचे होऊन आल्यावर पाहतो, तेही लाडक्या मालकिणीच्या कडेवर, म्हणजे जिथे पूर्वी त्याचे डोके असे त्याच उंचीवर. शेरूसाठी बाळाचे वापरलेले दुपटे आधी पाठवावे. कुत्र्याचा जगाशी व्यवहार नाकाने चालतो. ओळखीच्या वासाचा पाहुणा त्याला कमी खुपतो. घरात शिरताना बाळ दुसऱ्या कोणाकडे द्यावे आणि आईने आधी रिकाम्या हातांनी शेरूला भेटून घ्यावे.

उंबरठ्यावर बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकण्याची रीत या बाबतीत उपयोगी पडते. दृष्ट उतरते की नाही हा वेगळा प्रश्न, पण ती भाकर बहुतेक वेळा कुत्र्याच्याच तोंडी जाते. नवा प्राणी घरात आला आणि लगोलग खायला मिळाले, हा हिशेब कुत्रा विसरत नाही. प्राण्यांचे प्रशिक्षक पैसे घेऊन शिकवतात ते हेच.

खरा पेच नागपुरात मार्चअखेर सुरू होतो. २३ मे २०१३ रोजी या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि एरवीच्या मे महिन्यातही ४५ अंशांचे कोणाला अप्रूप नसते. अशा दुपारी घरात राहण्याजोगी जागा एकच असते, ती कूलरसमोरची. तिच्यावर आजीचा वयाने, जावयाचा मानाने आणि कुत्र्याचा ताब्याने हक्क असतो. त्यात पाळणा येतो. आता पाळण्याखालची फरशी घरातली सर्वांत गार फरशी ठरते, कुत्रा तिथे जाऊन आडवा होतो आणि सगळे कौतुकाने म्हणतात, ‘पाहा, कसा राखण करून राहिला!’ तो राखण करत नसतो. पोट गार करत असतो. झोपेत त्याची शेपटी कोणाच्या पायाखाली आली तर तो दचकून वर तोंड घालणार, आणि वर पाळणा असतो. म्हणून कुत्र्याला गारवा हवा असेल तर पाळण्यापासून दूर ओल्या गोणपाटाची सोय करून द्यावी. थेट झोत बाळावरही नको, आणि कूलरची पाण्याची टाकी तर उघडी नकोच. कुत्रा तीतले पाणी पितो आणि पुढच्या उन्हाळ्यात चालते झालेले बाळ तिच्यात हात घालते.

मांजराला गारव्यापेक्षा मऊपणाचे वेड. छत्रीसारखी उघडणारी बाळाची मच्छरदाणी हा मांजराच्या मते आपल्यासाठी ताणलेला झोपाळा असतो. ते वर चढते, काड्या वाकतात आणि चार किलोचे मांजर जाळीसकट खाली बसते. मांजर बाळाचा श्वास शोषते ही समजूत खोटी. पण उबेला चिकटून झोपलेले मांजर मान न वळवता येणाऱ्या बाळाचे नाक दाबू शकते. झोळी असो की पाळणा, खोलीचे दार लावलेले बरे. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचा डबाही बंद ठेवावा. त्यात मनुका असतील तर कुत्र्याच्या मूत्रपिंडाला त्या घातक ठरू शकतात.

पंचतंत्राच्या शेवटच्या तंत्रात बाळ आणि पाळीव मुंगसाची गोष्ट आहे. मुंगूस सापाला मारते, आई रक्ताळलेले तोंड पाहून मुंगसालाच मारते. वेल्समध्ये अशीच कथा गेलर्ट नावाच्या कुत्र्याची म्हणून सांगतात. दोन्हीकडे लोक घाईने केलेल्या निवाड्यावर हळहळतात. बाळ आणि प्राणी एकाच खोलीत, आणि तिथे मोठे माणूस कोणीच नाही, याचा जाब कोणी विचारत नाही. ‘तो काही नाही करत, घरचाच हाय’ हे वाक्य कुत्र्याबद्दल कितीही खरे असले, तरी दोघांना एकटे सोडायला पुरेसे नाही.

कुत्रा गुरगुरला तर त्याला रागावू नये. जांभया देणे, ओठ चाटणे, मान फिरवणे, डोळ्याचा पांढरा भाग दाखवणे हे त्याचे आधीचे अर्ज असतात. गुरगुरणे हे शेवटचे स्मरणपत्र. ते दिल्याबद्दल मार पडला, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो.

ओट्यावर झोपणारा, पोळी घरची खाणारा पण पट्टा नसलेला कुत्रा ही वेगळी जात. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना रीतसर दत्तक घ्यावे असे बजावले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कुत्रा दोन्ही वेळा ओट्यावरच होता. रेबीज मात्र ओटा आणि घर असा भेद करत नाही. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात लस, पुढे दरवर्षी, आणि वेळच्या वेळी जंताचे औषध. सेमिनरी हिल्सला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सल्ल्यासाठी काकूंकडे जाण्याचे कारण नाही. दात किंवा नख लागलेच, तर जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, हळद-मिरची भरू नये आणि त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठावे.

बाळ रांगू लागले की बाजू उलटते. आता जपायचे ते प्राण्याला. शेपटी ही दोरी आणि कुत्र्याचे ताट ही आपली वाटी असे बाळ धरून चालते, म्हणून प्राण्याला बाळाचा हात पोचणार नाही असा एक कोपरा लागतोच. बाळाजवळ निर्धास्त सोडता येईल असा प्राणी नागपुरात एकच मिळतो, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. त्याचीही चाके पक्की बसवलेली आहेत ना, हे आधी पाहून घ्यावे.